पेशकारसाहेबांची फुलवात

लिलावाच्या जागी माणसाने उगाच हात हलवू नये, ही गोष्ट उद्धवरावांना वयाच्या पन्नाशीत कळली, आणि तीही हात हलवून झाल्यावर. जंगलखात्याच्या गोऱ्या साहेबाचा आदिलाबादचा बंगला रिकामा झाला होता. साहेब केव्हाच विलायतेला निघून गेला होता आणि मागे राहिलेल्या सामानाची हर्राजी चालली होती. उद्धवराव गेले होते एका शिसवी तिपाईसाठी. ती त्यांच्या डोळ्यांदेखत कापसाच्या एका दलालाने उचलली. त्या दुःखात ते उभे असताना नाकावर माशी बसली, त्यांनी ती हाकलली, आणि पुकारणाऱ्या म्हाताऱ्याने हातोडा आपटून एक लांबलचक चामडी पिशवी त्यांच्यापुढे धरली. "पेशकारसाब के नाम," तो म्हणाला.

आता कोणीही शहाणा माणूस 'मी माशी हाकलत होतो' असे सांगून मोकळा झाला असता. उद्धवराव झाले नाहीत, कारण चार लोकांत 'पेशकारसाब' ही हाक त्यांनी कितीतरी महिन्यांनी ऐकली होती. त्या एका शब्दापायी त्यांनी निमूट पैसे भरले आणि पिशवी काखोटीला मारून ते घरी आले.

झाले होते असे, की छप्पन सालच्या नोव्हेंबरात राज्यांच्या वाटण्या झाल्या. निजामाच्या जुन्या राज्यातला मराठवाडा मुंबईकडे गेला, कानडी मुलूख म्हैसूरकडे गेला आणि आदिलाबाद आंध्रात राहिले. तहसिलीतली उर्दू दप्तरे लाल फडक्यात बांधून माळ्यावर गेली आणि त्यांच्याबरोबर साहेबापुढे कागद मांडणारे 'पेशकार' हे पदही गेले. उद्धवरावांचा पगार तोच राहिला, कामही तेच राहिले. फक्त खुर्ची साहेबाच्या दाराजवळून उचलून पाण्याच्या माठाजवळ ठेवली गेली, आणि पेशकारसाहेबांचे नुसते उद्धवराव झाले. माणसाची जहागीर जावी पण हाक जाऊ नये. माठावर पाणी प्यायला येणारा शिपाईसुद्धा आता "उद्धवराव, जरा सरका" म्हणू लागला होता.

ही पदच्युती सर्वांत आधी अंमलात आणली ती शेजारच्या नागोराव वकिलांनी. दोघांच्या घरांत एक भिंत होती आणि त्या भिंतीवरून नागोराव रोज सकाळी "काय पेशकारसाहेब, झाला का चहा?" असे विचारत. वाटण्या झाल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी "काय उद्धवराव" असे विचारले. कायद्याचा माणूस असल्यामुळे त्यांना एक दिवससुद्धा दम निघाला नाही.

तर ती पिशवी उद्धवरावांनी ओट्यावर उघडली. आतून तीन तुकड्यांची बारीक, गुळगुळीत वेताची काठी निघाली, एक पितळी चकरी निघाली, तिच्यावर रेशमी दोर होता, आणि कसरीने खाल्लेल्या पिसांचा एक डबा निघाला. नागोरावांनी चष्मा पुसून ती जमीन मोजायची काठी असल्याचा निवाडा दिला. त्यांच्या पत्नी कुसुमबाईंना ते तंबूचे सामान वाटले. शेवटी साहेबाचा जुना खानसामा रस्त्याने चालला होता, त्यानेच उलगडा केला. "साहब इससे मछली पकड़ते थे. न आटा, न केंचुआ. परों की झूठी मक्खी बनाते, पानी पे डालते. मछली फँसती तो मूँछ पे ताव देते और वापस छोड़ देते."

उद्धवरावांच्या सात पिढ्यांत कोणी मासा खाल्ला नव्हता. पण या मासेमारीत मारणे नव्हते, खाणे नव्हते, गांडूळ नव्हते, आणि मिशीवर ताव होता. पदाशिवाय प्रतिष्ठा मिळवण्याचा असा सोवळा मार्ग त्यांना दुसरा दिसला नव्हता. ते नकळत मिशीला हात लावून बसले.

नागोरावांनी ते पाहिले. "उद्धवराव, तुमच्या हाती आता फाइल लागत नाही, मासा काय लागते?" ते म्हणाले. "त्यापेक्षा अर्ज टाका अन् नांदेडला जा. तुमचे मेव्हणे तिकडंच हायेत. इथं तुमचं काय राह्यलं?"

हे 'काय राह्यलं' उद्धवरावांच्या वर्मी लागले. त्यांचा जन्म इथला, बाप इथला, घरामागच्या विहिरीचे पाणी इथले. बाजारात तेलगूत भाव करावा, हिंदीत हुज्जत घालावी आणि घरी येऊन मराठीत पस्तावावे, ही सोय त्यांना नांदेडात कोण करून देणार होते? त्यांना आदिलाबाद सोडायचे नव्हते, अजिबात नव्हते. पण रागावलेला माणूस जे नको तेच नेमके पणाला लावतो.

"पाडव्याच्या आत उंबरीच्या तलावात या काठीनं मासा धरून दाखवतो," ते उभे राहून म्हणाले. "नाही धरला, तर पाडव्यालाच मुंबई राज्याचा अर्ज टाकतो अन् नांदेडच्या गाडीत बसतो. अन् धरला तर तुमी काय करता?"

"धरला तर रोज सकाळी भिंतीवरून पेशकारसाहेब म्हणून हाक मारीन. साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशी," नागोराव म्हणाले.

आतून विनोदिनीबाई दारात आल्या होत्या. त्यांनी सगळे ऐकले होते. नवरा आत आल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, "माझं घर, माझी विहीर, माझं तुळशीवृंदावन, सारं तुमी एका माशाच्या तोंडात देऊन आले." उद्धवराव काठी पुसत बसले.

पहिली अडचण परवानगीची. सरकारी माणसाने सरकारी तलावात बिनपरवाना काठी बुडवायची म्हणजे स्वतःच्या हाताने चौकशी ओढवून घेणे. उद्धवराव पाटबंधाऱ्याच्या कचेरीत गेले. तिथे सांगितले की पाणी आमचे, त्यातले मासे आमचे नाहीत. माशांची कचेरी शोधली तर कळले की तिचे दप्तर चुकून औरंगाबादला गेले, कारकून हैदराबादला गेला आणि मागे उरलेली खुर्ची प्रौढ शिक्षणवाल्यांनी नेली. अखेर ते आपल्याच तहसीलदारापुढे उभे राहिले. हे व्यंकटराव म्हणून गोदावरीच्या मुखाकडचे तरुण गृहस्थ होते, नुकतेच बदलून आलेले, भले होते पण नियमाला पक्के होते. त्यांनी जुना नियम वाचायला लावला. त्यात लिहिले होते की मासेमारीचा परवाना तहसीलदार देतील, मात्र पेशकाराच्या शिफारशीवरून.

"पेशकार तो अब है नहीं," व्यंकटराव म्हणाले. "सिफ़ारिश कौन करेगा, आप ही बताइए."

उद्धवराव माठाजवळच्या खुर्चीत येऊन बसले. आयुष्यभर त्यांनी असे अर्ज 'चौकशीअंती पाहू' म्हणून बाजूला सारले होते. आपण नसल्याने एवढे अडेल, याचा आनंद मानावा की आपलेच अडले याचे दुःख, हे त्यांना पाणी पिऊनही ठरवता येईना.

वाट निघाली ती फकिरापाशी. फकिरा भोयांचा म्होरक्या, तलावाचा मक्ता त्याच्याकडे होता, आणि मक्तेदाराने हो म्हटले तर कोणाचा परवाना लागत नाही, असा नागोरावांनीच कायदा काढून दिला. पैज लावावी, पण ती तांत्रिक मुद्द्यावर जिंकू नये, एवढा दिलदारपणा त्यांच्यात होता.

"धरा ना जी," फकिरा म्हणाला. "पन तुमी तं बामन. खानार कोन?"

"खायचा नाही. धरायचा अन् सोडून द्यायचा."

फकिराने बराच विचार केला. "मंग धरता काऊन?"

उद्धवरावांनी त्याला प्रतिष्ठा, कौशल्य आणि विलायती रिवाज समजावून सांगितला. फकिराने सगळे ऐकून घेतले, मान डोलावली आणि पुन्हा विचारले, "ते समजलं जी. पन धरता काऊन?"

दुसरी अडचण माशीची. डब्यातली पिसे कसरीने फस्त केली होती, नुसते गळ उरले होते. उद्धवरावांनी कोंबड्याच्या पिसाचा विषय काढताच विनोदिनीबाई म्हणाल्या, "पीस उंबऱ्याच्या आत आलं तर मी उंबऱ्याच्या बाहेर." मग उद्धवरावांची नजर देवघरातल्या डब्यावर गेली. बाईंनी त्या वर्षी लाख वातींचा नेम धरला होता. उठता-बसता त्या कापूस वळत असत, आणि डब्यात गोल बुडाच्या, वर शेंडी काढलेल्या पांढऱ्याशुभ्र फुलवातींचा ढीग साठला होता. ढिगातून चार गेल्या तर देवाला काय कळते, असा विचार करून त्यांनी चार घेतल्या आणि शिवणाच्या दोऱ्याने गळाला बांधल्या. मग आणखी चार घेतल्या. ही चोरी नव्हे, उसनवारी आहे, असे त्यांनी देवाकडे पाहून मनातल्या मनात सांगितले.

सराव अंगणात सुरू झाला. खानसाम्याच्या सांगण्याप्रमाणे काठी मागे न्यायची, दोर हवेत लांब होऊ द्यायचा आणि मग पुढे सोडायचा. पुढे काय जाईल हे माणसाच्या हाती असते, मागे काय अडकेल हे नसते. पहिल्या दिवशी मागे तुळस अडकली. दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडे कुसुमबाईंनी खाटेवर वाळत घातलेली एक कुरडई अडकली आणि डौलात उडत इकडे आली. तिसऱ्या दिवशी नागोराव कोर्टात निघाले होते, त्यांची काळी टोपी डोक्यावरून उठली, हवेत एक गिरकी घेऊन उद्धवरावांच्या पायाशी पडली. नागोरावांना टकलावर ऊन लागले तेव्हा कळले. "मी मासा हाय का?" त्यांनी विचारले. टोपी परत घेताना त्यांनी अब्रूनुकसानीचे कलमही बोलून दाखवले. पण नेम बसतो आहे, हे दोघांच्याही लक्षात आले होते.

फाल्गुन उतरणीला लागला तसा उंबरीचा तलाव आटत आला. कडेचे पाणी गुडघाभर, उन्हाने कोमट झालेले, आणि त्यात मोठाले रोहू चिखल हुंगत फिरत. कधी शेपटी वर येई, कधी पाठीवरचा काळा पर दिसे. उद्धवराव रोज कचेरी सुटल्यावर तिथे जात. मासेमारीला काय घालावे हे कोठे लिहिलेले नसल्यामुळे ते आपली दरबारी शेरवानी घालत आणि खाली धोतराचा काचा मारत. एवढा प्रतिष्ठित माणूस पाण्यात आलेला पाहून रोहू आदराने खोल पाण्यात निघून जात.

बांधावर हळूहळू माणसे जमू लागली. पहिल्या दिवशी गुराखी होते. मग बाजारातली माणसे आली, मग एक चिवडेवाला आला. सल्ला देणाऱ्यांना तर तोटाच नव्हता. कोणी म्हणे कणकेची गोळी लावा, कोणी म्हणे उत्तरेला तोंड करा, एका म्हाताऱ्याने तर माशाला नावाने हाक मारायला सांगितले, पण कोणत्या नावाने ते सांगितले नाही. फुलवात पाण्यात पडे, भिजे, लोळागोळा होऊन तळाला जाई. एकदा गळ लागला आणि जोरात ओढ बसली. बांधावर गलका झाला. पलीकडच्या काठाला बसलेली म्हैस उठून उभी राहिली तेव्हा तिच्या शेपटीला फुलवात दिसली. त्या रात्री उद्धवरावांना जेवण गेले नाही. विनोदिनीबाईंनी ताट उचलले आणि भांड्यांची एक जुनी पेटी झाडून ठेवली. नांदेडच्या तयारीची ती पहिली पेटी होती.

पाडवा उद्यावर आला. शेवटच्या संध्याकाळी अख्खे मराठी आदिलाबाद बांधावर होते. आणि तेवढ्यात कोणी तरी कचेरीत कळवले की मराठी माणसे रोज तलावावर जमतात, घोषणा देतात, काही तरी चळवळ आहे. दिवसच तसे होते. व्यंकटराव दोन शिपाई घेऊन सायकलीवरून धापा टाकत आले.

"ये मोर्चा किस बात का है?" त्यांनी विचारले.

"मोर्चा नहीं साहब, मछली है," नागोराव म्हणाले.

"कहाँ है?"

"वही तो सवाल है."

"लीडर कौन है?"

सगळ्यांनी बोट दाखवले. शेरवानीतले उद्धवराव गुडघाभर पाण्यात पाठमोरे उभे होते आणि शिपाई काय, पलटण आली असती तरी त्यांनी मागे वळून पाहिले नसते.

त्याच वेळी विनोदिनीबाई तिथे पोचल्या. त्या मासा पाहायला आल्या नव्हत्या. त्या दिवशी वाती मोजायला बसल्या तेव्हा डब्यातल्या वाती कमी भरल्या होत्या, आणि घरात दुसरा चोर नव्हता. पण नवऱ्याला पाण्यात तसा एकटा उभा पाहून त्यांचा राग अर्ध्यावर थांबला. तलावाच्या काठी एक जुना उंबर होता, त्याच्या बुंध्याशी दत्ताच्या पादुका होत्या. त्या तिथे गेल्या. जाताजाता दिवा लावायला घरून आणलेल्या ताम्हणात निरांजन होते, तुपात भिजवलेल्या फुलवाती होत्या, कुंकवाचा करंडा होता. त्यांनी हात जोडले. देवापाशी हिंसा कशी मागायची, म्हणून त्या म्हणाल्या, "महाराज, नुसता लागू दे. हे लगेच सोडून देतील. पण मला या गावातून नको नेऊ." आणि त्यांच्या डोळ्यांना पाणी आले.

डोळे पुसताना त्यांना दिसले. बांधावरची सारी माणसे उद्धवरावांकडे पाहत होती, उद्धवराव लांब मध्यभागी पाहत होते, आणि इकडे उंबराच्या फांदीवरून पिकलेले लालबुंद उंबर पाण्यात पडले. डुबुक. ते तरंगले. खालून एक रुंद तोंड आले आणि उंबर गेले. पुन्हा एक पडले, पुन्हा तोंड आले.

विनोदिनीबाईंनी ताम्हणातली एक तुपाळ फुलवात उचलली, करंड्यातल्या कुंकवात लोळवली आणि लुगड्याचा काठ उचलून सरळ पाण्यात उतरल्या.

"अहो, ही बांधा," त्या म्हणाल्या. "कोरड्या वातीनं देवसुद्धा येत नाही, मासा काय येते? अन् तिकडं काय टाकून राह्यले? उंबराखाली टाका. वात चोरल्याचं घरी बोलू."

उद्धवरावांनी ती गळाला बांधली. काठी मागे गेली. मागे टोपी नव्हती, कुरडई नव्हती, म्हैस नव्हती. दोर हवेत सरळ लांब झाला, पुढे आला, आणि लाल फुलवात उंबराच्या सावलीत पडली. डुबुक. तुपामुळे ती बुडाली नाही. पाण्यावर गोल, लाल, अगदी उंबरासारखी डुलत राहिली.

मग ते रुंद तोंड वर आले आणि फुलवात गेली.

चकरीने जो आवाज केला तो आदिलाबादेत कोणी ऐकला नव्हता. काठी कमानीसारखी वाकली, दोर पाणी कापत निघाला आणि उद्धवराव त्याच्या मागे निघाले. चिखलात एकदा बसले, उठले, पुन्हा बसले. धोतराचा काचा सुटून मागे पाण्यावर पसरला, शेरवानीने तेवढी लाज राखली. बांधावरून प्रत्येक जण आपापल्या भाषेत सल्ला देत होता. त्यात एक आवाज सर्वांवर चढला. "वदलकंडी! वदलकंडी!" व्यंकटराव सायकल टाकून बांधाखाली धावत आले होते. कालव्याकाठी वाढलेला माणूस तो, मासा लागल्यावर त्याची तहसीलदारी कुठली टिकते? वदलकंडी म्हणजे सोडू नका. नोव्हेंबरपासून उद्धवरावांनी बाजारापुरत्या तेलगूपलीकडे एकही नवा शब्द शिकायचा नाही असे ठरवले होते. हा त्यांना शिकावा लागलाच नाही, सरळ समजला.

मासा दमला, काठाकडे आला, आणि शेवटच्या क्षणी उसळी मारून वळला. तेव्हा पाण्यात धपकन कोणी तरी उडी घेतली. ते नागोराव होते. मासा सुटला तर पैज आपण जिंकतो, हे त्या घटकेला त्यांच्या ध्यानातच राहिले नाही. त्यांनी खांद्यावरचे जरीकाठी उपरणे पाण्यात पसरले, दोन्ही टोके धरली आणि ओरडले, "आना इकडं, आना, माझ्या उपरण्यात आना!" उद्धवरावांनी आणला. उपरण्यात एक तांबूस, हातभर लांब, जाडजूड रोहू धडपडत होता आणि त्याच्या ओठाला कुंकवाची फुलवात लागली होती.

बांधावर जो जल्लोष झाला तो ऐकून शिपायांना पुन्हा मोर्चाची शंका आली.

उद्धवरावांनी हात लावावा की नाही याचा क्षणभर विचार केला, मग लावला. गळ काढला, मासा दोन्ही हातांत घेतला. तो थंड होता, निसरडा होता आणि त्याची सगळी धडपड फक्त पाण्याकडे होती. उद्धवरावांना एकदम गलबलून आले. मिशीवर ताव देण्याचे ते साफ विसरले. वाकून त्यांनी त्याला पाण्यात ठेवले आणि म्हणाले, "जा बाबा. तुझं पाणी इथंच हाय." मासा थोडा थांबला, मग शेपटी मारून निघून गेला.

फकिराने कपाळाला हात लावला. त्याला ते शेवटपर्यंत पटले नाही. पण "पेशकारसाहेबांनी धरला" ही आरोळी पहिली त्यानेच ठोकली, आणि मग ती बांधभर झाली. व्यंकटरावांनी चिखलाचे हात पुसत विचारले, "पेशकार गारू, एक दिन हमको भी सिखाएँगे?" एवढे म्हटल्यावर आपण रद्द झालेले पद, तेही तेलगूतला 'साहेब' लावून, उच्चारले, हे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी ते परत घेतले नाही.

दुसऱ्या दिवशी पाडवा होता आणि तेलगू घरांत उगादी होती. सारे गाव एकाच दिवशी नवे वर्ष करत होते. विनोदिनीबाईंनी भांड्यांची पेटी पुन्हा माळ्यावर टाकली होती. उद्धवरावांनी गुढीसाठी वेळूची काठी आणली नाही. त्यांनी साहेबाची काठी तीन तुकडे जोडून उभी केली, तिला बाईंचा रेशमी खण बांधला, कडुलिंबाचा डहाळा आणि साखरेची गाठी बांधली आणि वर तांब्या पालथा घातला. तांब्याच्या भाराने काठी जराशी वाकली, कालच्यासारखी. बाईंनी गुढीपुढे निरांजन लावताना फुलवाती मोजल्या नाहीत. माशाच्या तोंडी लागलेली दत्ताच्या खात्यात धरली आहे, बाकीच्या तुम्ही बसून वळायच्या, एवढे मात्र त्यांनी बजावले. उद्धवराव कापूस घेऊन ओट्यावर बसले होते.

भिंतीपलीकडे खाकरल्याचा आवाज आला. नागोरावांची काळी टोपी वर आली, मग चष्मा आला. त्यांनी गुढीकडे पाहिले, गल्लीत दोन्ही बाजूंना पाहिले, आणि छाती भरून हाक दिली.

"काय पेशकारसाहेब! नांदेडच्या गाडीची वेळ झाली."

उद्धवरावांनी हातातली वात वळून पुरी केली, वर शेंडी काढली आणि मिशीला हात लावला.

"गाडी चुकली, वकीलसाहेब," ते म्हणाले. "तुमी चहाला या."